गिल्गमेशला आगीने वाचवलं का?

आजच्या इराकमधल्या प्राचीन असीरिया साम्राज्याची राजधानी निनेवे इ.स.पू. ६१२ मध्ये बॅबिलोनियन आणि मीड (प्राचीन इराणी) फौजांनी जाळली. राजा असुरबनिपालाचा ग्रंथसंग्रह ढिगाऱ्याखाली गेला. हे ग्रंथ मातीच्या पाट्यांवर लिहिलेले. त्यात गिल्गमेश राजाच्या महाकाव्याच्या बारा पाट्या होत्या, ‘एनुमा एलिश’ ही विश्वोत्पत्तीची कथाही होती. ‘नगर जाळणाऱ्या आगीनेच ग्रंथ भाजून अमर केले’ असं आता सर्रास सांगितलं जातं. वाक्य झकास आहे, पण अर्धंच खरं.

चिकणमाती म्हणजे सिलिका आणि ॲल्युमिना यांच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांची चळत. मधल्या पाण्यामुळे पापुद्रे एकमेकांवरून सरकतात, म्हणून ओल्या पाटीवर बोरूचं टोक दाबलं की खूण उमटते. उन्हात हे पाणी उडतं आणि पाटी कडक होते. पण भिजवली तर कच्च्या विटेसारखा पुन्हा चिखल. पापुद्र्यांच्या घडणीतच मात्र हायड्रॉक्सिल गट गुंफलेले असतात, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला दोन-दोन गट मिळून पाण्याचा एक रेणू होतो आणि वाफ होऊन निसटतो. मागे उरलेला ऑक्सिजन नवे बंध जोडतो आणि जुनी स्फटिकरचना कोसळते. यानंतर पाटीचा चिखल होत नाही.

पण जळता राजवाडा म्हणजे कुंभाराची भट्टी नव्हे. तापमान झपाट्याने चढलं तर आत कोंडलेली वाफ पाटीच फोडते. त्या प्रदेशातल्या मातीत कॅल्शियम कार्बोनेट भरपूर. सुमारे ८०० अंशांच्या पुढे त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना उरतो. तो पुढे ओल शोषून फुगतो, आणि वरचा अक्षरांचा थर टवका उडावा तसा सुटतो. शिवाय कोरड्या जमिनीत गाडलेल्या न भाजलेल्या पाट्याही हजारो वर्षं टिकल्या आहेत. मेणाचा थर दिलेल्या लाकडी फळ्यांवरही तिथे ग्रंथ लिहीत. आगीत त्या फळ्या राख झाल्या. त्यांच्याबद्दल कोणी हळहळत नाही!

डिसेंबर १८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज स्मिथने लंडनमध्ये गिल्गमेशाच्या अकराव्या पाटीतली जलप्रलयाची कथा वाचून दाखवली. त्यात नौका आहे, सोडलेलं कबुतर आहे आणि परत न आलेला कावळाही. ‘प्रलय खराच झाला होता’ म्हणणाऱ्यांना तेव्हापासून ‘पुरावा’ सापडलेला आहे. मनू आणि माशाची कथाही मग त्याच यादीत ढकलली जाते. पूर येणाऱ्या नद्यांकाठी पुराच्या कथा जन्मणार, यात नवल काय? सगळी पृथ्वी एकाच वेळी बुडाल्याची खूण भूस्तरांत नाही.

न भाजलेल्या पाट्यांची खरी परीक्षा उत्खननानंतर सुरू होते. जमिनीतले क्षार मातीत मुरलेले असतात. पाटी वाळताना त्यांचे स्फटिक वाढतात आणि पाटी तडकते. म्हणून विसाव्या शतकात संग्रहालयांनी अनेक पाट्या भट्टीत सावकाश भाजल्या आणि मग पाण्यात ठेवून क्षार काढले. आता याबाबतीत हात आखडता घेतला जातो: भाजल्यावर मातीतली खनिजं बदलतात, आणि पाटीची माती कुठल्या नदीकाठची, हे त्या खनिजांवरूनच ओळखायचं असतं.