ओवी, अर्थ आणि केडगावचा छापखाना: मराठी शास्त्राभ्यासाची पार्श्वभूमी

मराठी ख्रिस्ती घरात संध्याकाळच्या प्रार्थनेला अध्याय फिरता वाचतात. एकाने एक ओवी वाचायची, शेजारच्याने पुढची. बायबलमधल्या क्रमांक घातलेल्या वचनाला आपण सर्रास ‘ओवी’ म्हणतो. शास्त्र बसून ऐकावं, पाठ करावं ही या भूमीची जुनी सवय त्या एका शब्दात शिल्लक आहे. पण ऐकलेलं समजून घ्यायचं, शब्दाच्या मुळाशी जायचं, हा शास्त्राभ्यास आपल्यापर्यंत पोचायला तीनशे वर्षं लागली.

जेझुइट या कॅथलिक संघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्या जागी वाचायला काही नव्हतं. आम्हाला आमच्या भाषेत पुराण द्या, ही त्यांची मागणी ‘ख्रिस्तपुराणा’तच नोंदलेली आहे. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली गोव्यातच रायतूरला रोमन लिपीत छापला गेला. लोकांनी तो भक्तीने ऐकला, गायला. मात्र ते बायबलचं कथारूप होतं, भाषांतर नव्हे.

भाषांतराचं काम सुरू झालं ते थेट बंगालमध्ये. सेरामपूरला इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८११ साली मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, छापला. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ मध्ये आपला नवा करार काढला आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल मराठीत आलं.

ग्रंथ हाती आला, पण तो कसा वाचावा हे मला तरी सर्वांत जास्त पंडिता रमाबाईंकडून कळतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत, आईने रमाबाईंना संस्कृत शिकवलं. त्यांनी पुढे लिहून ठेवलंय की पुराणिक संस्कृत वाचत, पण अर्थ सांगत नसत. पवित्र शब्द नुसते कानावर पडले तरी पुण्य, अशी समजूत होती. स्वतः पुराण वाचून पोट भरलेल्या बाईचं हे निरीक्षण आहे, म्हणून ते मनाला भिडतं.

लग्नानंतर आसामात सिल्चरला राहत असताना घरातल्याच पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची, म्हणजे नव्या करारातल्या येशूच्या एका चरित्राची, छोटी बंगाली प्रत सापडली. ती तिथे कशी आली हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये, वाँटेजला, त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतरची त्यांची कबुली प्रत्येक विश्वासी माणसाने वाचावी अशी आहे: ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र अजून भेटला नव्हता. तो भेटायला आणखी आठेक वर्षं लागली आणि त्या वर्षांत त्या शास्त्र धुंडाळत राहिल्या.

पुढे त्यांनी पुण्याजवळ केडगावला काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली आणि विधवा जमल्या. त्यांच्या हाती बायबल दिलं तर त्यातली संस्कृतप्रचुर भाषा त्यांना पेलेना. काही शब्द पूर्वीच्या धर्मकल्पना सोबत घेऊन येत, हेही रमाबाईंना खुपत होतं. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्या इब्री (हिब्रू) आणि ग्रीक या बायबलच्या मूळ भाषा शिकल्या आणि मुळावरून नवं भाषांतर करायला बसल्या.

मूळ भाषेचा एवढा आग्रह का? योहानाच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायात येशूला भेटायला आलेल्या निकदेम या यहुदी पुढाऱ्याचा प्रसंग घ्या. येशू त्याला म्हणतो, ‘नव्याने’ जन्मल्याशिवाय देवाचं राज्य पाहता येत नाही. तिथला ग्रीक शब्द आहे ‘आनोथेन’. त्याचा अर्थ ‘पुन्हा’ असाही होतो आणि ‘वरून’ असाही. निकदेम फक्त ‘पुन्हा’ ऐकतो, म्हणून विचारतो की म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा जाईल. येशू तर वरून, आत्म्याने होणाऱ्या जन्माविषयी बोलतोय. हे कळल्यावर त्याचा प्रश्न बावळट वाटत नाही. आपणही त्याच्यासारखंच अर्धं ऐकत होतो, हे जाणवतं.

रमाबाईंचा नवा करार १९१३ साली निघाला. जुन्या कराराचं काम मोठं, त्यात प्रकृती खालावलेली, आणि १९२१ साली मुलगी मनोरमा गेली. तरीही काम थांबलं नाही. मिशनच्याच छापखान्यात बायकामुली खिळे जुळवत, फर्मे छापत, पुस्तकं बांधत. कालपर्यंत अक्षर न ओळखणारी मुलगी ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाची एकेक ओळ उलट्या अक्षरांत लावायची, म्हणजे वचन आधी तिच्या बोटांखालून जायचं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली त्याच छापखान्यातून बाहेर पडलं.