लोकरीचं गाव की कापडाचं?

इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या लॅव्हनमला जाणारा माणूस 'स्वान'मध्ये एकदा तरी डोकावतोच. पंधराव्या शतकापासूनची ही इमारत आता हॉटेल आहे. तिरक्या झालेल्या काळपट तुळया आणि पांढऱ्या भिंती. बारच्या भिंतीवर दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी वैमानिकांच्या सह्या अजून जपून ठेवल्यात. शेजारचा जुना 'वूल हॉल'ही या हॉटेलातच सामावलाय. त्यात गावाची ओळखच 'वूल टाउन', त्यामुळे आपण समजतो की इथले लोक लोकर विकून गब्बर झाले.

तसं नाही. लॅव्हनमचा पैसा कापडाचा. लोकरीचा व्यापार वेगळा आणि कापडाचा वेगळा. माणसं वेगळी, गावंही बरीचशी वेगळी.

लोकरीचा व्यापारी पाहायचा तर पश्चिमेला कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांत जावं लागतं. तो मठांकडून आणि मेंढपाळांकडून कातरलेली लोकर घ्यायचा, गठ्ठे बांधायचा आणि समुद्रापार पाठवायचा. तिचं कापड व्हायचं फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमकडचा भाग), फ्लोरेन्समध्ये. एक गठ्ठा म्हणजे ३६४ पौंड, आपल्या हिशेबात १६५ किलो. चिपिंग कॅम्डेनचा विल्यम ग्रेव्हेल १४०१ मध्ये वारला. तिथल्या चर्चमधल्या त्याच्या कबरीच्या पितळी पत्र्यावर 'सगळ्या इंग्लंडच्या लोकर-व्यापाऱ्यांतलं फूल' असं कोरलंय. जवळच्या नॉर्थलीचमध्ये तर असे व्यापारी पितळेत मेंढ्यांवर आणि गठ्ठ्यांवर पाय ठेवून उभे आहेत. धंदा काय होता ते विचारायलाच नको.

लॅव्हनमच्या 'क्लोदियर'चं काम याच्या पुढचं. तो लोकर विकत घ्यायचा आणि घरोघरी वाटायचा. कुणी ती पिंजायचं, कुणी सूत कातायचं, कुणी विणायचं. मग कापड ओलं करून, मुलतानी मातीसारखी माती लावून तुडवायचे, म्हणजे तेल निघून वीण घट्ट बसे. लॅव्हनमचं नाव होतं निळ्या कापडासाठी. हा निळा रंग वोड नावाच्या झाडाच्या पानांतून निघे. इथला थॉमस स्प्रिंग १५२३ मध्ये वारला तेव्हा देशातल्या बड्या धनिकांत मोजला जात होता. चर्चच्या मनोऱ्यावर त्याच्या घराण्याचं चिन्ह आजही दिसतं.

मग एक धंदा मागे पडून दुसरा वर कसा आला? माझ्या मते सगळ्यात मोठं कारण कर. १२७५ मध्ये राजा पहिल्या एडवर्डने गठ्ठ्यामागे सहा शिलिंग आठ पेन्स (एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स) जकात बसवली. पुढे फ्रान्सशी युद्ध पेटलं, राजाला पैसा हवा होता, आणि ही रक्कम ४० शिलिंगांच्या वर गेली. कापडावर मात्र १३४७ मध्ये इंग्रज व्यापाऱ्याला ताग्यामागे फक्त १४ पेन्स. एका गठ्ठ्यात साधारण चार तागे होत, म्हणजे तीच लोकर विणून पाठवली तर कर पाच शिलिंगांच्या आत! फ्लँडर्सच्या विणकराला इंग्लिश लोकर महाग पडायची, इंग्रज विणकराला स्वस्त. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्षाला तीस-चाळीस हजार गठ्ठे बाहेर जात. पंधराव्या शतकाच्या मध्यावर दहा हजारही जाईनात, आणि कापडाची निर्यात मात्र वाढत गेली.

पबच्या पाट्यांवरही हा फरक सापडतो. 'वूलपॅक' म्हणजे लोकरीचा गठ्ठा, 'फ्लीस' म्हणजे मेंढीवरून उतरवलेली अख्खी लोकर. ही नावं कच्च्या मालाकडची. 'वीव्हर्स आर्म्स' विणकरांचं. अर्थात नुसत्या पाटीवरून पब मध्ययुगीन ठरवू नये, कितीतरी नावं नंतरची आहेत.

लॅव्हनमचेही दिवस फिरले. सोळाव्या शतकात हलक्या, स्वस्त कापडाने त्याच्या जाड निळ्या कापडाचं गिऱ्हाईक नेलं. नवी घरं बांधण्याइतका पैसा गावात उरला नाही, म्हणून तर त्या तिरक्या तुळया अजून जागेवर आहेत.