वार पडायची वाट पाहू नका

"वार पडू द्या, मग वासरू पाजू." नागपूरच्या आसपासच्या गोठ्यांत हे वाक्य अजून ऐकू येतं. आधी पाजलं तर वार (वासराला पोटात पोसणारी, व्यायल्यावर बाहेर पडणारी झार) अडकते, अशी समजूत. खरं तर उलट आहे. वासरू कासेला ढुसण्या देतं तेव्हा गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्यानं पान्हा फुटतो आणि गर्भाशयही आकुंचन पावतं. म्हणजे झाली तर वार पडायला मदतच.

निरोगी गाईचीही वार पडायला आठ-बारा तास लागू शकतात. घोळ इथंच आहे, तोवर वासरू उपाशी राहतं.

माणसाच्या बाळाला आईची, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं पोटात असतानाच वारेतून मिळतात. गाईच्या वारेत आईचं रक्त आणि गर्भाचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे जास्त थर असतात, त्यातून प्रतिपिंडासारखा मोठा रेणू पार होत नाही. गवळाऊ असो की जर्सी, वासरू जवळपास कोऱ्या रक्तानं जन्मतं. त्याची सगळी शिदोरी चिकात, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधात असते.

पण चिकातली प्रतिपिंडं म्हणजे प्रथिनं. ती पचून का जात नाहीत? नवजात वासराच्या पोटात आम्ल फारसं नसतं, आणि प्रथिनं तोडणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारा पदार्थ चिकातच असतो. शिवाय लहान आतड्याच्या पेशी या वयात समोर येईल तो थेंब अख्खा आत ओढतात, दुसऱ्या बाजूनं लसिकेत (रक्ताला जाऊन मिळणाऱ्या पातळ द्रवात) सोडतात, आणि तिथून तो रक्तात जातो. ही मुभा पहिल्या सहा तासांत सर्वांत जास्त, मग घटत जाते. २४ तासांत दार बंद. म्हणून पहिल्या काही तासांतच वजनाच्या दहा टक्के चीक हवा, २५ किलोच्या वासराला अडीच लिटर.

गंमत अशी की हे दार पाहुणा निवडत नाही. चिकाआधी शेणानं माखलेला सड तोंडात गेला, तर त्यावरचे ई. कोलाय जंतूही आत शिरू शकतात. दुसरी वाट ओल्या नाळेची. नाळेची शीर थेट यकृताकडे जाते, आणि नाळ तुटल्यावर तिचं तोंड काही काळ उघडंच राहतं. तिथं राख किंवा शेण लावणं म्हणजे जंतूंना आवतण. टिंक्चर आयोडीनमध्ये नाळ बुडवा.

रक्तात पोचलेले जंतू अनेकदा सांध्यांत मुक्काम करतात. का? सांध्याच्या अस्तरातल्या केशवाहिन्या मुळातच झिरपणाऱ्या असतात, त्यातूनच वंगणाचा द्रव बनतो. त्याच फटींतून जंतू उतरतात. गुडघा गरम, टरटरून सुजलेला. वासरू पाय टेकवत नाही. घरचे म्हणतात, गाईचा पाय पडला, आणि तेल चोळत बसतात. तेवढ्यात आत फायब्रिनच्या (रक्त गोठवणाऱ्या चिवट प्रथिनाच्या) गाठी धरतात, मग प्रतिजैविकं नीट पोचत नाहीत, सांधा धुवावा लागतो. ताप, नाळेला सूज, एकाहून जास्त सांधे धरलेले दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्य बोलवा.

प्रतिकारशक्तीसाठी गाईच्या चिकाच्या कॅप्सूल विकणाऱ्यांना एवढंच विचारा, मोठ्या माणसाच्या आतड्याचं दार कोण उघडणार? तिथं ती प्रतिपिंडं बहुतांशी डाळीच्या प्रथिनासारखीच पचतात. खरवस मात्र खुशाल खा, वासराचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा.