भूक, भीक आणि शिक्षा

‘सर्व शिक्षा अभियान’ आणि खाली ‘महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद’. या पाटीवरचे विनोद आता शिळे झाले, पण ‘हिंदीने अर्थ जपला, मराठीने बिघडवला’ हा समज काही जात नाही. कन्नड, तेलुगू, मल्याळममध्येही शिक्षा म्हणजे दंडच. आणि अगदी मूळचा अर्थ हिंदीकडेही नाही.

‘शिक्षा’चा धातू आहे शक्, म्हणजे जमणे. धातूला ‘सन्’ प्रत्यय लावला की इच्छेचा अर्थ येतो. आधी धातूचा आरंभ दुप्पट करायचा, मग शेवटी स जोडायचा: पा म्हणजे पिणे, पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा. भुज्, म्हणजे खाणे, घ्या. भुभुज्, त्यातल्या पहिल्या भ चा ब, स समोर आल्यामुळे ज् चा क्, आणि क् + स = क्ष. झाली बुभुक्षा, म्हणजेच आपली भूक. भज् पासूनची भिक्षा याच कुळातली. या हिशेबाने शक् चं ‘शिशक्षा’ व्हायला हवं. होत नाही, कारण शक्, लभ्, पत् अशा मोजक्या धातूंत पाणिनी स्वराच्या जागी ‘इस्’ घालतो (अष्टाध्यायी, सूत्र 7.4.54) आणि दुप्पट झालेला भाग उडवतो (7.4.58). उरतं शिस्क् + स. जोडाक्षरातला पहिला स् गळतो, की शिक्ष. लभ् ची लिप्सा अशीच. थोडक्यात शिक्षा म्हणजे ‘आपल्याला जमावं’ ही इच्छा.

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, शिक्ष् वेगळाही दिला आहे. पण ऋग्वेदातल्या बेडकांच्या सूक्तात (7.103.5) एकामागून दुसरा ओरडतो तो ‘शाक्तस्येव वदति शिक्षमाणः’. ज्याला येतं तो शाक्त, ज्याला यायला हवंय तो शिक्षमाण. दोघे एकाच ओळीत.

प्राकृतात सिक्खइ, हिंदीत सीखना. मराठीने ख मधला हकार टाकला, भूख-भूक, भीख-भीक यांच्यासारखाच. ‘शिकणे’तला श मात्र संस्कृतातून वाचलेला नव्हे; इ-कारापुढे मराठी स चा श करतेच, जसं सिव् चं शिवणे. शिकण्याचं काम या घरच्या शब्दाकडे, ‘शिक्षण’ही मदतीला, संस्कृतातून पुन्हा उचललेली ‘शिक्षा’ दंडाच्या कामी लागली. शास् धातूचंही तसंच: शिष्य त्यातलाच आणि ‘कडक शासन’ही. आपण ‘धडा शिकवतो’ तोही मारूनच.

‘शिक्षेशिवाय शिक्षण नाही, हे शब्दातच आहे’ असं फॉरवर्ड करणाऱ्यांनी धातू पाहावा. (कायदाही पाहावा: 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शाळेत मारायला मनाई करतं.) शक् मध्ये छडी नाही. छडी आहे ती ‘दंड’ या शब्दात, त्याचा अर्थच काठी. आणि मराठीत तिचीही आता पावती फाडतात.