कमी चाललेली लक्झरी एसयूव्ही म्हणजे चांगलीच गाडी?

जुनी मोठी लक्झरी एसयूव्ही घेताना नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला: किती चालली? आठ वर्षांत जेमतेम 30 हजार किलोमीटर म्हटलं, की सौदा पक्का. डिझेल गाडीत हा हिशेब बऱ्याचदा उलटा पडतो.

धरमपेठ ते सदर एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफच होत नाही. काजळी जळायला साधारण 600 अंश तापमान लागतं. ते वर्धा रोडवर सलग वीस-पंचवीस मिनिटं पळवल्यावर मिळतं, व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर नाही. हे जाळणं अर्धवट राहिलं, की तापमान वाढवायला जादा फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसलं तर खुश होऊ नका.

एअर सस्पेन्शनचं, म्हणजे गाडी तोलणाऱ्या हवेच्या फुग्यांचं, रबर तर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. इथला 45 अंशांचा मे त्याला हातभारच लावतो. गाडी रात्रभर सपाट जागी ठेवा. सकाळी सुरू करण्याआधी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपनं मोजा, डावी-उजवी बाजू ताडून पाहा. एक कोपरा बसला असेल तर हवा गळतेय, आणि ती सतत भरून कॉम्प्रेसरही जळतो.

टायरवर 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी एवढ्या जुन्या संचाचा खर्च किमतीतून वजा करा.

आणि ते 30 हजार तरी खरे का? मीटर मागे फिरवता येतो. सर्व्हिसच्या नोंदी मागा. अनेक गाड्यांत स्कॅनर लावल्यावर इतर कंट्रोल युनिटमधला, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांमधला, किलोमीटरचा आकडाही दिसतो.