हनी व्हीट बिअर की मीड? मध दोन्हीत आहे पण...

पुण्याहून कुणी सोलापूरला आलं की बॅगेत दोनचार बाटल्या असतातच आता, आणि मग गच्चीवर बसल्यावर ठरलेला गोंधळ, एकाच्या हातात हनी व्हीट बिअर, दुसऱ्याच्या हातात मीड, आणि दोघं पण सांगणार की ही "मधाची बिअर" आहे. नाही ओ. पहिली बिअर आहे, दुसरी बिअरच नाही.

मीड म्हणजे मध, पाणी आणि यीस्ट (साखरेचं अल्कोहोल करणारं खमीर), बास. धान्याचा एक दाणा नाही. त्यातलं सगळं अल्कोहोल मधाच्या साखरेतून येतं, म्हणजे तशी ती वाइनच्या घरातली. हनी व्हीट बिअरमध्ये मुख्य काम गव्हाचं आणि बार्लीचं, म्हणजे त्यांच्या माल्टचं (मोड आणून वाळवलेलं धान्य), वर थोडे हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं), आणि मध हा पाहुणा. गोंधळ व्हायचं कारण पण सरळ आहे, पुण्याच्या मूनशाइन मीडरीसारखे लोक मीड हलकी, गॅसवाली आणि छोट्या बाटलीत देतात, त्यामुळे हातात धरली की बिअरच वाटते.

प्रमाण बघितलं की फरक लगेच कळतो. २० लिटरची बॅच धरा. व्हीट बिअरला चारपाच किलो माल्ट लागतं आणि मध टाकला तर किलोच्या आसपास. तेवढ्या एका किलोतून जवळजवळ २ टक्के अल्कोहोल येतं, बाकीचं सगळं धान्याचं. तीच २० लिटर मीड १२ टक्क्यांची करायची तर मध लागतो सहासात किलो. मधाचा भाव माहितीय ना, मग मीड महाग का याचं उत्तर तिथेच मिळालं. वेळ पण जास्त जातो, कारण मधात यीस्टला लागणारं नायट्रोजन फारच कमी, यीस्ट रडतरडत काम करतं, वरून खुराक द्यावा लागतो, आणि कडक मीड मुरायला महिने लागतात. व्हीट बिअर दोनतीन आठवड्यांत ग्लासात.

आता मेन मुद्दा, ज्यात सगळे फसतात. हनी व्हीट बिअर प्यायली की पहिली कमेंट ठरलेली, "गोड कुठंय?" अहो नसणारच! मधाची साखर म्हणजे बहुतेक फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, यीस्टला यापेक्षा सोपं खाणं नाही, जवळपास सगळी फस्त करतं. चहात साखर टाकली की चहा गोड होतो, इथे मध टाकला की बिअर उलट कोरडी आणि पातळ होते. माल्टमधल्या काही साखरा यीस्टला पचत नाहीत, बिअरला अंग येतं ते त्यांच्यामुळे, मधात तसलं काही फारसं नाही. त्यामुळे मध टाकलेली बिअर साध्या व्हीट बिअरपेक्षा हलकी लागली तर ब्रूअरचं काही चुकलेलं नाही.

मग मध उरतो कुठे? वासात. तो पण ब्रूअरने नीट वागवला तर, कारण उकळत्या भांड्यात मध ओतला की सुगंध वाफेबरोबर गेला. म्हणून शहाणे लोक गॅस बंद केल्यावर नाहीतर फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, उतरत आलं की मध टाकतात. आणि एक गंमत, ज्या बिअरमध्ये मध ढळढळीत गोड लागतो तिथे बऱ्याचदा हनी माल्ट नावाचं खास माल्ट असतं नाहीतर फ्लेवर असतो, मध असेलच असं नाही. लेबल वाचत जा.

नाकाने ओळखायचं तर ग्लास अर्धाच भरा, गोल फिरवा आणि आधी वास घ्या. ब्रेडचा, कणकेचा वास आला, वर फुलांसारखं काहीतरी हलकंच, रंग गढूळ सोनेरी, फेस जाड आणि बराच वेळ टिकणारा, तर ती व्हीट बिअर. गढूळपणा आणि फेस दोन्हीत गव्हाच्या प्रोटीनचा मोठा हात. मीडचा फेस भसकन येतो आणि सोड्यासारखा बसतो, ग्लास बहुतेक वेळा स्वच्छ, ब्रेडचा वास अजिबात नाही, आणि जिभेवर मधाच्या मागून वाइनसारखा आंबटपणा. केळी आणि लवंगेचा वास आला तर तो मधाचा नाही बरं का, ते जर्मन व्हीट बिअरच्या यीस्टचं काम. संत्र्याची साल आणि धने लागले तर ती बेल्जियन पद्धत. मधाला मात्र अमेरिकन पद्धतीची व्हीट बिअर बरी पडते, तिचं यीस्ट गप्प बसतं म्हणून मध ऐकू येतो.

(जर्मनीवरून आठवलं, बव्हेरियाच्या १५१६च्या बिअरच्या नियमात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच होतं. मध सोडा, गहू पण नाही. गव्हाची बिअर करायला वेगळी परवानगी लागायची.)

मधला एक प्रकार पण आहे, ब्रॅगट, ज्यात मध आणि माल्ट दोघांचा वाटा तोलामोलाचा. आपल्याकडे क्वचित दिसतो, सोडून देऊ.

सोलापूरच्या उन्हाळ्यात सगळ्यांना बर्फासारखी गार बाटली पाहिजे, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत मी पण कुणाला अडवणार नाही, पण एवढ्या गारव्यात मधाचा वास मरतो. फ्रीजमधून काढून पाचदहा मिनिटं ठेवा, मग प्या. ग्लासात बर्फ टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही.

सोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी असेल तर माझं मत हनी व्हीटला, कडूपणा कमी असतो त्यामुळे तिखट जास्त भडकत नाही, आणि शेंगदाण्याचा खमंगपणा माल्टशी जुळतो. झणझणीत मटणाच्या रश्शाबरोबर थोडी गोडसर मीड भारी, कोरडी आणि कडक मीड नको, अल्कोहोलने तोंड अजून पेटतं. गव्हाचं ग्लुटेन चालत नसेल तर व्हीट बिअरला हातच लावू नका, साधी मीड चालू शकते, फक्त त्यात माल्ट मिसळलेलं नाही ना एवढं बघून घ्या.

साठवायचं म्हणाल तर व्हीट बिअर ताजी असताना संपवायची, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत महिनाभर राहिली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागणार, आणि रंगहीन किंवा हिरव्या बाटलीवर ऊन पडलं तर वास पण घाण येतो. बारातेरा टक्क्यांची मीड अंधारात, थंड जागी वर्षभर पडली तरी सुधारतेच बहुतेक. हलकी गॅसवाली मीड मात्र बिअरसारखीच सांभाळा.