दवंडी कोणी पिटली, हे गाडी विचारत नाही

धुळ्यात मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या गॅरेजात गाडी नेली, तर आता पान्याआधी स्कॅनर बाहेर निघतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटात, म्हणजे गाडीचे बिघाड वाचायच्या खाचेत, तो खोचायचा आणि 'दखू, गाडी काय म्हनस ते' म्हणत पडद्यावरचे कोड वाचायचे. गाडी नुसती सांगत नाही, ऐकतेही. स्कॅनरवरून रेडिएटरचा पंखा सुरू करा, तो फिरू लागतो. मेकॅनिकचं असं निमूट ऐकणारी गाडी परक्याचंही ऐकेल का? या प्रश्नाचं मूळ चाळीस वर्षांपूर्वीच्या एका वायरीत आहे.

तोवर गाडीतल्या प्रत्येक दिव्याला, बटणाला वेगळी वायर जात असे. इलेक्ट्रॉनिक्स वाढलं तसा वायरींचा जुडगा जड आणि महाग होत गेला. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटला 'कॅन बस' नावाची जोडणी मांडली. वायरींची एकच जोडी आणि तिच्यावर इंजिन, ब्रेक, दारं, मीटरचे काटे, सगळ्यांचे छोटे संगणक. कारभार गावातल्या दवंडीसारखा. निरोप सगळ्यांच्या कानावर पडतो, ज्याच्या कामाचा असेल तो उचलतो. निरोपावर विषयाचा आकडा असतो आणि लहान आकड्याला आधी वाट मिळते. पाठवणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नसतं.

त्या इंजिनीअरांना मी दोष देणार नाही. वायर गाडीच्या आत बंद होती, तिच्यावर बोलणारे सगळे घरचेच होते. पुढे त्याच घरात ब्लूटूथ आलं, सिम कार्ड आलं, आणि दार उघडं पडलं.

२०१० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी ओबीडी सॉकेटातून खोटे निरोप सोडून चालत्या गाडीचे ब्रेक निकामी करून दाखवले. गाडीत शिरूनच हे करावं लागतं, असा आक्षेप आला. पुढच्याच वर्षी याच चमूने ब्लूटूथवरून, मोबाइल नेटवर्कवरून, एवढंच काय, गाण्याच्या सीडीतूनही आत शिरून दाखवलं. तरी उद्योगाला खरी जाग आली ती जुलै २०१५ मध्ये. चार्ली मिलर आणि क्रिस व्हॅलासेक यांनी घरी बसून, सेंट लुईसजवळच्या महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकीचे वायपर चालवले, रेडिओ मोठा केला आणि शेवटी इंजिनाचा चाकांशी असलेला संबंधच तोडला. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, गाडी पुढे जाईना. चालवणारा पत्रकार होता आणि प्रयोगाची त्याला कल्पना होती, तरी मागून ट्रक येत असताना त्याची काय अवस्था झाली असेल! कंपनीने १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. संगणकातल्या फटीमुळे इतक्या गाड्या बोलावण्याची ही पहिली वेळ.

चोरांनी महामार्गाच्या भानगडीत न पडता चावी गाठली. खिशातून न काढताच गाडी उघडणाऱ्या चावीचा सिग्नल दोन उपकरणांनी दारातल्या गाडीपर्यंत लांबवून ती उघडता येते, हे झुरिचच्या संशोधकांनी २०११ मध्येच १० मॉडेलांवर दाखवलं होतं.

ड्रोनची कमजोरी निराळी, पण जातकुळी तीच. ड्रोन आपली जागा जीपीएसवरून ओळखतो. ते उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. जमिनीवर पोहोचेपर्यंत सिग्नल अगदी क्षीण होतो आणि नागरी सिग्नलवर खरेपणाची सही नसते. जवळून कोणी जोरात खोटा सिग्नल दिला की यंत्र त्यालाच खरं मानतं. जून २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज यांच्या चमूने छोटा हेलिकॉप्टर ड्रोन असाच फसवून जमिनीकडे उतरवला. त्याआधी, डिसेंबर २०११ मध्ये, अमेरिकेचा आरक्यू-१७० हा हेरगिरीचा ड्रोन इराणच्या हाती लागला होता. तोही असाच उतरवला, हा इराणचा दावा अमेरिकेने मानला नाही.

आपल्याकडे हे का महत्त्वाचं, ते रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात कळतं. केळी डोक्यावर गेली की पाठीवरच्या पंपाचा फवारा शेंड्यापर्यंत जात नाही, करपा रोग आवरायला ड्रोन खरोखर कामाचा. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५,००० महिला बचत गटांसाठी ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांची मदत ठरली. ड्रोन नियम २०२१ मध्ये मनाईच्या हद्दीत ड्रोन शिरू नये म्हणून आभासी कुंपणाची तरतूद आहे. शेताचा बांध असो की भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणींसारख्या जागेची हद्द, ड्रोनला दोन्ही जीपीएसवरूनच कळतात. जागाच खोटी सांगितली, तर कुंपण कुठे उरलं?

गाड्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या मंचावर २०२० मध्ये सायबर सुरक्षेचा नियम झाला आणि जुलै २०२४ पासून युरोपात प्रत्येक नव्या गाडीला तो लागू आहे. जुन्या गाड्या त्याच्या बाहेरच. मला जास्त काळजी आहे ती त्यांना नंतर बसवल्या जाणाऱ्या स्वस्त ट्रॅकरची. मालकाला मोबाइलवरून डिझेल बंद करता यावं म्हणून ते ट्रकांना बसवतात. अशाच एका चिनी ट्रॅकरचा मूळ पासवर्ड '१२३४५६' असल्याचं २०२२ मध्ये उघड झालं, आणि त्या कंपनीची १५ लाख उपकरणं जगभर वापरात होती. केळी भरून दिल्लीला निघालेल्या गाडीत असं यंत्र असेल, तर भाऊ, तो आकडा बदलायला बसवणाऱ्याला आजच सांगा.